रोबो कशाचा करायचा?

मेळाव्याच्या निमित्ताने शाळेला काय द्यायचे यावर आपल्या बॅचच्या ग्रुपवर बरेच दिवस खल झाला आणि अखेर रोबोटिक्सच्या खोलीवर एकमत झाले. एकमत तेवढ्यापुरतेच. खोलीत काय ठेवायचे यावर लगेच दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे असे, की तयार किट घेऊन द्यावे. मुले पहिल्याच दिवशी कामाला लागतील आणि स्पर्धांना जातील. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की किटचे निम्मे भाग वर्षभरात हरवतात. त्यापेक्षा व्हाइस, ड्रिल मशीन, करवती आणि थोडा पत्रा द्यावा. निर्णय मेळाव्याच्या दिवशी बैठकीत व्हायचा आहे. ‘तू इंजिनिअर ना, मग तूच लिही’ असे म्हणून संपादक मंडळाने हा विषय माझ्या गळ्यात घातला.

मी सॉफ्टवेअरवाली. पण गेली काही वर्षे शनिवारी एका शाळेच्या रोबो-संघाला प्रोग्रॅमिंग शिकवायला जाते. रोबो सरळ जाईनासा झाला की मुले आधी मला हाक मारतात. प्रोग्रॅम ओळीन्‌ओळ तपासून होतो. मग कोणीतरी चाक हाताने फिरवून बघते, तर मोटरच्या दांड्यावर चाक धरून ठेवणारा बारीक स्क्रू ढिला झालेला असतो. असे इतक्या वेळा झाले, की स्पर्धेतले रोबो आजवर कशाकशाचे बनले आणि ते कसे जोडले गेले, हे मी मुळापासून वाचायला घेतले. त्यातले बैठकीला उपयोगी पडेल तेवढे इथे मांडते.

अर्ध्या इंचावर एक भोक

गोष्ट रोबोंच्या पुष्कळ आधी सुरू होते. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये एका खेळण्याचे पेटंट घेतले. धातूच्या पट्ट्या आणि त्यांना ठरावीक अंतरावर पाडलेली भोके, असे ते खेळणे. पुढे त्याचे नाव ‘मेकॅनो’ झाले. आपल्यापैकी अनेकांच्या घरी त्याच जातीचा ‘मेकॅनिक्स’चा डबा होता, हिरव्या-लाल पट्ट्या आणि नेहमी कमी पडणारे नट.

दोन भोकांमधले अंतर सगळीकडे अर्धा इंच ठेवले, म्हणून कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीला जुळू लागली. जोडलेले पुन्हा उघडता येऊ लागले आणि क्रेनच्याच भागांतून पूल होऊ लागला. ही कल्पना किती टिकाऊ निघाली पाहा. शंभरेक वर्षांनी, २००५ मध्ये, शालेय स्पर्धांसाठी ‘व्हेक्स’ नावाचे किट बाजारात आले. त्याच्या पट्ट्यांवरच्या भोकांतले अंतरही अर्धा इंचच आहे.

सर्वांना सारखीच पिशवी

‘ठरावीक सामान, ठरावीक वेळ आणि शेवटी सामना’ ही पद्धत रुजवण्यात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले प्राध्यापक वूडी फ्लॉवर्स यांचा मोठा वाटा आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यांच्या यंत्ररचनेच्या वर्गात प्रत्येक विद्यार्थ्याला सारख्याच सटरफटर वस्तूंचा संच मिळे. त्यातून यंत्र करायचे आणि सत्राच्या शेवटी वर्गमित्राच्या यंत्राशी झुंजवायचे. सामान सगळ्यांचे एकच, यंत्रे मात्र एकासारखी दुसरी नसत. वडिलांच्या खिशापेक्षा मुलाच्या डोक्याला गुण मिळावेत, यासाठी ही योजना फार चांगली होती.

त्याच सुमारास जपानमध्ये प्राध्यापक मासाहिरो मोरी असाच विचार करत होते. त्यांच्या प्रेरणेतून तिथल्या एनएचके या दूरचित्रवाणी संस्थेने १९८८ मध्ये तंत्रमहाविद्यालयांची ‘रोबोकॉन’ स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी शर्यत होती टॉर्चमध्ये घालतो तसल्या सेलवर धावणाऱ्या गाड्यांची. शक्तीच जेमतेम, त्यामुळे गाडीचा प्रत्येक जास्तीचा ग्रॅम आणि चाकातले प्रत्येक घर्षण भोवणार. साहित्य निवडण्याचा धडा फळ्यावर न लिहिता मुलांच्या गळी उतरला.

लेगोचा हिशोब

१९८० च्या दशकाच्या अखेरीस मॅसॅच्युसेट्सच्या त्याच संस्थेत संगणकाच्या विद्यार्थ्यांनी स्वतःची स्पर्धा सुरू केली आणि त्यांचे रोबो लेगोच्या विटांचे होऊ लागले. माझ्यासारख्या कोडवाल्या मंडळींना यंत्रकामात शिरायला हे दार सोपे होते. कापणे नाही, तासणे नाही. पण लेगोतही शिस्त लागते.

लेगोच्या विटेची उंची ९.६ मिलिमीटर आणि तिच्या माथ्यावरच्या दोन बटणांमधले अंतर ८ मिलिमीटर. विटा नुसत्या एकावर एक रचल्या तर धक्का बसताच उकलतात. म्हणून त्यांना बाहेरून एक उभी पट्टी लावून खिळीने बांधायचे, तर भोके जुळत नाहीत; एका मापात ८, दुसऱ्यात ९.६. उपाय असा, की भोकांच्या दोन विटांच्या मध्ये ३.२ मिलिमीटरच्या दोन पातळ चकत्या घालायच्या. ९.६ अधिक ६.४ म्हणजे १६, अर्थात ८ ची बरोबर दुप्पट. आता उभी पट्टी चपखल बसते आणि तो सांगाडा हातातून पडला तरी सुटत नाही. फ्रेड मार्टिन यांनी लेगोच्या बांधणीवर लिहिलेल्या टिपणात हा हिशोब फार छान समजावला आहे. आपल्या गणिताच्या बाईंना तो नक्की आवडेल.

पुढे १९९८ मध्ये लेगोने ‘माइंडस्टॉर्म्स’ हा प्रोग्रॅम करता येणारा संच काढला आणि त्याच्या आधाराने जगभर शालेय स्पर्धा उभ्या राहिल्या. लाखो मुले त्यावर शिकली. पण बैठकीसाठी एक नोंद करून ठेवा: २०२२ च्या अखेरीस कंपनीने ‘माइंडस्टॉर्म्स’ बंद केले. ज्या शाळांच्या कपाटात फक्त तेच होते, त्यांना सुटे भाग मिळवणे दरवर्षी अवघड होत जाणार.

लाकूड, ॲल्युमिनियम आणि रिव्हेट

फ्लॉवर्स यांच्या वर्गातली कल्पना शाळांपर्यंत नेली डीन केमन या संशोधकाने. त्यांनी १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था काढली. तिची पहिली स्पर्धा १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर गावी एका शाळेच्या व्यायामशाळेत झाली. २८ संघ आले होते. प्रत्येकाला सारखीच पेटी. तिच्याबाहेरचे साहित्य हवे असेल, तर सुरुवातीच्या वर्षांत तेही नियमांत बसणारे आणि ठरवून दिलेल्या कॅटलॉगमधलेच. पुढे नियम सैल झाले, रोबो मोठे झाले. बरीच वर्षे वजनाची मर्यादा १२० पौंड, म्हणजे साधारण ५४ किलो होती आणि बांधणीला मिळत फक्त सहा आठवडे.

सहा आठवड्यांत पन्नास किलोचा रोबो. इथे साहित्याच्या निवडीला खरी धार येते. सुरुवातीला अनेकांनी प्लायवूड वापरले, कारण ते शाळेच्या सुतारखोलीत कापता येई. मग ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या आल्या. ॲल्युमिनियम का, याचे उत्तर ‘हलके म्हणून’ असे आपण पटकन देतो. ते अर्धेच उत्तर आहे.

पोलादाची घनता ७.८५, ॲल्युमिनियमची २.७, म्हणजे पोलाद जवळजवळ तिप्पट जड. पण ते ताठही जवळजवळ तिप्पटच असते. वजनाच्या मानाने ताठपणा पाहिला, तर दोघे बरोबरीत सुटतात. महागडे टायटॅनियमही तिथेच येऊन थांबते. मग ॲल्युमिनियम कुठे जिंकते? तेवढ्याच वजनात त्याचा पत्रा जवळजवळ तिप्पट जाड मिळतो, आणि पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट केली तर विरोध आठपट. त्यामुळे सारख्याच वजनाच्या दोन पत्र्यांत ॲल्युमिनियमचा पत्रा आठ-नऊ पट ताठ निघतो. याच हिशोबाने प्लायवूड त्याच्याही पुढे जाते, फक्त जागा फार खाते. म्हणून जुने म्हणून ते कोणी फेकले नाही. ‘फर्स्ट’च्या मोठ्या रोबोंभोवती धक्के सोसणारा जो बंपर असतो, त्यात बरीच वर्षे प्लायवूडची पट्टी आणि तिच्यावर पोहायच्या तलावातल्या फोमच्या नळ्या असत.

दुसरा प्रश्न जोडण्याचा. वेल्डिंग मजबूत, हे आपल्या सगळ्यांच्या मनात बसलेले. लोखंडाच्या बाबतीत ते ठीक आहे. पण रोबोंसाठी लोकप्रिय झालेले ६०६१ जातीचे ॲल्युमिनियम उष्णतेची प्रक्रिया देऊन बळकट केलेले असते. त्याला वेल्डिंग केले, की शिवणीच्या आजूबाजूची ती प्रक्रिया विरून जाते आणि तिथली ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. शिवाय वेल्ड केलेला सांगाडा सामन्यात वाकला, तर दहा मिनिटांत बदलणार कसा? म्हणून बरेच संघ चौकोनी नळी, कोपऱ्यावर पत्र्याची त्रिकोणी पट्टी आणि पॉप रिव्हेट या पद्धतीकडे वळले. रिव्हेट ड्रिलने उडवायचा, नळी बदलायची, नवा रिव्हेट मारायचा.

पारदर्शक झाकणाचीही अशीच कथा. ॲक्रिलिक स्वस्त आणि चकचकीत, पण धक्का बसला की तडकते. पॉलिकार्बोनेट महाग, पण वाकते आणि पुन्हा सरळ होते. मात्र स्क्रू ढिला होऊ नये म्हणून जे द्रव लावतात, ते पॉलिकार्बोनेटला लागले तर त्यालाही चिरा जातात. जोडणीच्या पद्धतीचा विचार सोडून नुसते साहित्य निवडून चालत नाही, ते असे.

कढई, चॉपिंग बोर्ड आणि टायटॅनियम

आता जरा दणदणीत प्रकरण. मार्क थॉर्प यांनी १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला ‘रोबोट वॉर्स’ भरवले, म्हणजे रोबोंचा आखाडा. पुढच्याच वर्षी तिथे ‘ब्लेंडो’ नावाचा रोबो उतरला. त्याचे कवच होते चिनी पद्धतीच्या मोठ्या कढईचे, आणि ते गवत कापायच्या यंत्राच्या इंजिनावर गरागरा फिरायचे. त्याने प्रतिस्पर्ध्यांचे तुकडे इतके दूर उडवले, की धोकादायक म्हणून त्याला सामन्यांतून बाजूला काढावे लागले. बनवणारे होते जेमी हाइनमन. ‘मिथबस्टर्स’ पाहिलेल्यांना हे मिशीवाले गृहस्थ आठवतील. कढईची निवड विनोदी वाटते, पण बिनचूक होती. गोल घुमटावर बसलेला फटका सरकून जातो आणि तो घुमट बाजारात तयार मिळतो.

पुढे या खेळात साहित्याची चढाओढच लागली. फिरते हत्यार जोरदार झाले, तसे साधे ॲल्युमिनियम फाटू लागले. मग टायटॅनियम आले. पोलादाहून बरेच हलके आणि चिवट. त्यापाठोपाठ खाणीतल्या डंपरला आणि उत्खनन यंत्रांच्या बकेटला लावतात ते झिजेला दाद न देणारे कठीण पोलाद आले. दुसऱ्या टोकाला छोट्या गटांतली नवखी मुले स्वयंपाकघरातला प्लॅस्टिकचा चॉपिंग बोर्ड कापून चिलखत करू लागली. तो तुटत नाही, फक्त ओरखडतो. चिलखत थेट सांगाड्याला न आवळता मध्ये रबर घालायची युक्तीही इथेच कामी आली. धक्का आत जाण्याआधी रबर तो पिऊन टाकते.

आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या ‘टेकफेस्ट’मधल्या रोबोंच्या झुंजींनी हे वेड कॉलेजांत आणले. लॅमिंग्टन रोडवरून बॅटऱ्या, भंगारातून गाडीच्या वायपरच्या मोटरी आणि कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेटरकडून लोखंडी अँगल, असा तो संसार असे.

गोविंदा, पुण्यात

जपानी रोबोकॉनचे आशियाई रूप २००२ मध्ये टोकियोत सुरू झाले. पहिल्या वर्षीचा विषय फुजी पर्वताचा होता आणि बाजी मारली व्हिएतनामच्या संघाने. भारतातला संघ दूरदर्शनच्या राष्ट्रीय स्पर्धेतून निवडला जाऊ लागला. २००८ मध्ये यजमानपद भारताकडे आले. ठिकाण पुण्याचे बालेवाडी क्रीडासंकुल आणि विषय आपला दहीहंडीचा, ‘गोविंदा’. आशियाभरच्या रोबोंना उंचावरच्या मडक्यांपर्यंत पोचायचे होते. चीनचा शिआन जिआओटोंग विद्यापीठाचा संघ जिंकला.

दहीहंडीत खालच्या थरात दणकट गडी लागतात आणि वर चढायला हलके पोर. रोबोचेही तसेच. उंच जाणारा हात जड असेल तर गाडी उलथते. म्हणून जडपणा तळाशी आणि हलकेपणा माथ्यावर ठेवावा लागतो. टेबलाच्या खणाला लावतात ती सरकती चॅनल, ॲल्युमिनियमची नळी आणि दोरी-कप्पी हे रोबोकॉनवाल्यांचे आवडते सामान होण्याचे कारण हेच.

२०१४ मध्ये स्पर्धा पुन्हा पुण्यात आली. या वेळी पालक रोबोने बाळ रोबोला उचलून झोक्यावर आणि सी-सॉवर खेळवायचे होते. इथे बाळाचे वजन दोनदा मोजावे लागते. ते स्वतःचे असते आणि उचलणाऱ्याच्या मोटरवरही पडते. अशा ठिकाणी महागड्या कार्बन फायबरच्या नळीचा खर्च परवडतो. पण ती कापताना उडणारी भुकटी वीजवाहक असते. सर्किटवर बसली तर शॉर्ट होऊ शकते. २०२२ मध्ये दिल्लीच्या स्पर्धेचा विषय होता लगोरी. आपण मधल्या सुट्टीत फरशीचे तुकडे रचून खेळायचो, ती!

छापलेले भाग

२००५ मध्ये इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी स्वतःचेच भाग छापू शकेल अशा थ्रीडी प्रिंटरचा ‘रेपरॅप’ प्रकल्प सुरू केला. २००९ मध्ये वितळलेल्या प्लॅस्टिकच्या धाग्याने थर रचण्याच्या पद्धतीचे मूळ पेटंट संपले आणि प्रिंटर शाळांच्या आवाक्यात आले. केंद्र सरकारच्या ‘अटल टिंकरिंग लॅब’ योजनेत, जी सहावी ते बारावीच्या मुलांसाठी २०१६ मध्ये सुरू झाली, प्रिंटर असतोच.

सेन्सरचा धारक किंवा विचित्र आकाराचा कोपरा करायला प्रिंटरला तोड नाही. पण छापलेला भाग थरांच्या दिशेने चिरतो, जसे लाकूड रेषांच्या दिशेने फुटते. शिवाय मुठीएवढा भाग छापायला काही तास जातात. प्लायवूडचा तसा तुकडा दहा मिनिटांत कापून होतो.

मग शाळेला काय द्यायचे?

या शंभर-सव्वाशे वर्षांत साहित्य सारखे बदलत गेले, पण प्रत्येक टप्प्यावर टिकले ते संघ एकाच प्रश्नाचे उत्तर शोधत होते: आपल्या हातांना, आपल्या अवजारांनी, हातात असलेल्या वेळात हे कापता येईल का, जोडता येईल का आणि मोडल्यावर उघडता येईल का? किट या प्रश्नाचे उत्तर तयार करून देते. म्हणूनच ते सहावी-सातवीला उत्तम. पण ते उत्तर आयुष्यभर दुसऱ्यानेच द्यायचे, असे होऊ नये.

म्हणून माझी सूचना अशी. जमलेल्या वर्गणीचा एक तृतीयांश भाग किटवर खर्च करावा आणि उरलेल्यातून एक भक्कम टेबल, दोन व्हाइस, स्टँडवरचे ड्रिल मशीन, करवती, कानशी, रिव्हेट गन आणि डोळ्यांचे चष्मे घ्यावेत. थोडी रक्कम दरवर्षीच्या प्लायवूड, पत्रा आणि नट-बोल्टसाठी बाजूला ठेवावी, कारण खोल्या बहुधा याच्याच अभावी बंद पडतात. किटची कंपनी दहा वर्षांनी असेल की नाही, सांगता येत नाही. व्हाइस असेल.

आणि शिकवणार कोण? गावात ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या करणारी दुकाने आहेत. त्यांच्याकडे चौकोनी नळ्या आहेत, काटकोनात कापणारे यंत्र आहे, रिव्हेट गन आहे आणि मिलिमीटरवर हात बसलेले कारागीर आहेत. ‘फर्स्ट’चे संघ प्रयोग करत करत ज्या पद्धतीपर्यंत पोचले, तीच हे लोक रोज वापरतात. आपल्या बॅचमध्येही फॅब्रिकेशनचा धंदा करणारे मित्र आहेत. महिन्यातला एक शनिवार त्यांनी दिला, तर आम्हा कोडवाल्यांच्या दहा व्याख्यानांपेक्षा मुलांचे जास्त भले होईल.

एक शेवटची मागणी, बैठकीत मांडणारच आहे. कार्यानुभवाच्या तासाला मुलगे सुतारकामाला जात आणि आम्ही मुली शिवणाला. तेव्हाची रीतच ती होती, त्यात कोणा एकाला दोष नाही. ‘रेघ मारून घे, मग रेघेच्या बाहेरून काप’ असे सर शेजारच्या खोलीत ओरडून सांगत, ते आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू येई. पुढे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये माझ्या हातात पहिल्यांदा कानस आली, तेव्हा वर्गातले मुलगे माझ्या चार वर्षे पुढे होते. या खोलीच्या दारावर देणगीदारांची पाटी लावायची की नाही, ते तुम्ही ठरवा. पण आतल्या टेबलाभोवती मुली आणि मुले अर्धी अर्धी उभी राहतील, एवढे आपण शाळेकडून लिहून घेऊ या.